डोकी दोन, एक वापरलेलं चालेल

सासूबाई स्टुलावरून पडल्या, आणि ते स्टूल मी दुरुस्त केलेलं होतं. या दोन गोष्टी आमच्या घरात पुढचे सहा आठवडे कुणी वेगवेगळ्या सांगितल्या नाहीत. समाचाराला आलेल्या प्रत्येकाला बायको आधी पाय दाखवायची आणि मग मला. खरं म्हणजे त्या स्टुलाच्या चौथ्या पायाला दोन खिळे मारायचे होते आणि मी एक मारला होता. दुसरा मारणारच होतो. पण माणसाच्या हेतूला प्लास्टर घालता येत नाही, पायाला येतं. म्हणून सगळ्यांचं लक्ष पायाकडेच.

सासूबाईंची खाट बाहेरच्या खोलीत खिडकीपाशी पडली. डॉक्टरांनी सांगितलं होतं, पाय खाली टेकवायचा नाही. तोंडाबद्दल काही सांगितलं नव्हतं. पहिल्या तीन दिवसांत त्यांनी घरातल्या सगळ्यांना पत्त्यांत इतक्या वेळा हरवलं, की माझी नववीतली मुलगी अभ्यास आहे असं आपण होऊन म्हणायला लागली. मग मी सापशिडी काढली. दोन डाव झाल्यावर सासूबाईंनी फासा खाली ठेवला.

"जावईबापू, हा काय खेळ आहे? आपण काही करायचं नाही. नशिबात असेल तर वर, नाही तर खाली. ही तर तुमची नोकरी झाली."

मी भूमापन कचेरीत नकाशे काढतो. बावीस वर्षं काढतोय. कुंपणाची रेघ केसभर सरकली तर दोन सख्खे भाऊ जन्मभर बोलत नाहीत, इतक्या जोखमीचं ते काम आहे. पण हे सासूबाईंना समजावून सांगण्याची ती वेळ नव्हती. तशी वेळ गेल्या अठरा वर्षांत आलेली नाही.

तेवढ्यात मुलगी म्हणाली, "आजी, माझ्या मैत्रिणीकडे एक मस्त खेळ आहे. त्यात आपण सगळे वेडे शास्त्रज्ञ असतो. हातपाय, डोकी जमवायची, शिवायची आणि राक्षस बनवायचा. मग मनोऱ्यावर नेऊन त्याला वीज द्यायची."

"मग?"

"मग तो उठतो आणि गावात शिरतो. ज्याचा पहिला शिरला तो जिंकला."

सासूबाईंनी चष्मा कपाळावर ढकलला. पाय मोडल्यापासून इतकी प्रसन्नता त्यांच्या चेहऱ्यावर आली नव्हती. "दुसऱ्याचे हातपाय चोरता येतात?"

"येतात."

"आणा तो."

"इथे नाही मिळत. तिच्या मामाने बाहेरून आणलाय."

"मग करा घरी."

खोलीत चार माणसं होती. सासूबाईंनी मुलीकडे पाहिलं. मुलीने आईकडे पाहिलं. बायकोने खिडकीबाहेर पाहिलं. माझ्याकडे कुणीच पाहिलं नाही, आणि तेच मला लागलं.

"मी करतो," मी म्हणालो.

"अहो, पण..." बायको म्हणाली.

"मी म्हटलं ना, मी करतो!"

आता, माणूस बावीस वर्षं एकच काम करत असला की तो दुसरं काहीही करायला बसला तरी हातून तेच होतं. मी खेळाचा पट आखायला घेतला आणि पाहता पाहता त्यात उत्तर दिशा आली, प्रमाणपट्टी आली, कोपऱ्यात सूची आली. चार प्रयोगशाळा, एक स्मशान, एक दलदल, मध्ये मनोरा आणि कडेला गाव. त्या स्मशानाची हद्द तीन दिवस जुळेना. दलदलीत हातभर घुसत होती.

"झाला का?" सासूबाई रोज विचारायच्या.

"हद्द निश्चित होतेय."

"कुणाची?"

"मेलेल्यांची."

यावर त्या नुसत्या 'हं' म्हणायच्या. त्या 'हं'मध्ये त्यांना मुलगी देताना काय काय सुचायला हवं होतं ते सगळं असायचं.

पट अकराव्या दिवशी झाला. मग पत्ते. प्रत्येक पत्त्यावर एकेक अवयव. हातांसाठी मी समोर स्वतःचाच हात ठेवला आणि एका बैठकीत आठ हात काढले. कामावर खूष होऊन सासूबाईंना दाखवायला नेले. त्यांनी ते पांघरुणावर ओळीने मांडले, चष्मा लावला, काढला, परत लावला.

"सगळे डावे आहेत."

बरोबर होतं. मी उजव्या हाताने चित्र काढतो. समोर ठेवायला उरतो तो डावाच.

"दोन डाव्या हातांचा राक्षस," सासूबाई म्हणाल्या. "हा तुम्हीच ठेवून घ्या. घरातली दुरुस्तीची कामं करील."

मी चार पत्ते फाडले आणि पुढे दोन संध्याकाळी आरशासमोर बसून उजवे हात काढले.

एव्हाना बातमी जिन्याने खाली उतरली होती. खालच्या मजल्यावर रसायनशास्त्राचे निवृत्त मास्तर राहतात. एकटेच असतात, त्यामुळे दुसऱ्यांच्या घरात काय चाललंय याची जबाबदारी त्यांच्यावर जरा जास्त पडते. ते आले आणि त्यांनी शास्त्रज्ञाचा पत्ता उचलला. बराच वेळ पाहत राहिले.

"हा मी आहे," ते म्हणाले.

"छे हो मास्तर! काल्पनिक आहे."

"नाक माझं आहे."

मी नीट पाहिलं. नाक त्यांचंच होतं. ते नाक मला रोज जिन्यात भेटत होतं. हाताने आपलं आपण उतरवलं असणार. मी माफी मागायच्या बेतात होतो, पण मास्तरांनी हात वर केला.

"वेडा दाखवलंत याबद्दल माझं काही म्हणणं नाही. चौतीस वर्षं मी नववीला शिकवलंय. पण हा चंबू तुम्ही थेट ज्योतीवर ठेवलाय! जाळी कुठे आहे? अहो, एवढ्यासाठी मी मुलांना बाकावर उभं केलंय."

मी चारही प्रयोगशाळांत जाळ्या काढल्या. त्या दिवसापासून मास्तर आमचे शास्त्रीय सल्लागार झाले, म्हणजे रोज चारला चहाला यायला लागले.

बायको रक्त तपासणीच्या लॅबमध्ये काम करते. ती इतके दिवस या प्रकरणापासून लांब होती. एका संध्याकाळी तिने सहज दोन पत्ते उचलले आणि म्हणाली, "अहो, याचा हात त्याला लावणार, तर रक्तगट नको का जुळायला?"

"राक्षस आहे तो!"

"म्हणून काय झालं? रिअॅक्शन येईल त्याला."

मास्तर म्हणाले, मुद्दा बिनतोड आहे. सासूबाई म्हणाल्या, आमच्या मुलीचं डोकं पहिल्यापासूनच चांगलं, फक्त एकदाच चुकली. मी चौसष्ट पत्त्यांवर रक्तगट लिहिले.

यानंतर जे झालं त्याला झेरॉक्सवाला जबाबदार आहे असं बायको म्हणते, पण मी त्याला दोष देत नाही. तो प्रामाणिक माणूस आहे. फार प्रामाणिक आहे, तीच अडचण आहे.

चांगले कागद सगळे पत्त्यांत संपले होते, म्हणून राहिलेल्या कामाचं टिपण मी हाताला आलेल्या विजेच्या बिलाच्या पाठीवर केलं. नियमांच्या प्रती काढायला गेलो तेव्हा तेही बरोबर नेलं आणि मशीनच्या झाकणाखाली विसरलो. झेरॉक्सवाल्याने बिल पाहिलं, गिऱ्हाइकाची गैरसोय होईल म्हणून शेजारच्या वीज कचेरीच्या खिडकीवर नेऊन दिलं. खिडकीवरच्या माणसाने ते उलटलं. पाठीमागे माझ्या सुवाच्य अक्षरात लिहिलेलं होतं:

डोकी दोन (एक वापरलेलं चालेल).
हृदयं तीन, ओ गटाची.
स्मशानात पहारेकऱ्याला टाळून माल उचलणे.
मनोऱ्यावर वीज थेट तारेवरून घेणे. मीटर नको.

यातलं 'मीटर नको' हे सासूबाईंचं. वीज किती साठली हे मोजायला मी प्रत्येकाला काट्याची एकेक चकती देणार होतो. त्या म्हणाल्या, कटकट आहे, मीटर नको.

शनिवारी दुपारी तीनला बेल वाजली. दारात एक किडकिडीत गृहस्थ, काखेत फाइल, खिशात टेस्टर. वीज कचेरीचे तपासनीस.

"ग्राहक आपणच?"

"हो."

त्यांनी फाइलमधून बिल काढलं आणि उलटं धरलं. "अक्षर आपलं?"

अक्षर माझंच होतं. ते सावकाश, एकेक ओळ बोटाने धरून वाचायला लागले. "डोकी दोन. हे आमच्याकडे येत नाही. हृदयं तीन. हेही दुसऱ्या खात्याचं. स्मशानातला माल..." त्यांनी क्षणभर विचार केला. "नाही, तेही नाही. पण हे बघा. 'वीज थेट तारेवरून घेणे, मीटर नको.' हे काय आहे?"

"साहेब, ते राक्षस उठवायला..."

"कशासाठी ते नंतर विचारतात. वापर घरगुती की व्यापारी?"

"अहो, खेळ आहे तो!"

"मागच्या आठवड्यात एक जण म्हणाला, तार वाऱ्याने आली."

नेमके त्याच वेळी मास्तर जिन्याने वर आले. चित्रातला चंबू बरोबर यावा म्हणून त्यांनी खरा चंबू आणला होता, आणि तो रिकामा वाईट दिसतो म्हणून त्यात मोरचुदाचं निळं पाणी भरलं होतं.

तपासनीसांनी चंबूकडे पाहिलं. "हे कोण?"

"हे वेडे शास्त्रज्ञ," माझी मुलगी आतून म्हणाली. तिला खोटं बोलायची सवय नाही.

"नमस्कार," मास्तर म्हणाले.

प्रकरण कुठे गेलं असतं सांगता येत नाही. पण खिडकीकडून सासूबाईंचा आवाज आला, "दारात काय उभे राहिलात सगळे? चौथा भिडू मिळाला का?"

"बाई, मी कामावर आहे," तपासनीस म्हणाले.

"मग या, खेळून बघा आणि तसा शेरा लिहा. न बघता लिहिलेल्या शेऱ्याला काय अर्थ आहे?"

मी बावीस वर्षं सरकारी कचेरीत आहे. इतका पटणारा युक्तिवाद मी तिथे ऐकलेला नाही. तपासनीसांनी चपला काढल्या, टेस्टर फाइलवर ठेवला आणि बसले. सासूबाई, मुलगी, मास्तर आणि तपासनीस. चार प्रयोगशाळा, चार माणसं. मी उभाच होतो.

"तुम्ही नियम वाचा," सासूबाई मला म्हणाल्या.

तो माझ्या खेळाचा पहिला डाव. दोन तास चालला. तपासनीसांनी मोठ्या कष्टाने धड, डोकं आणि पाय जमवले होते, तेवढ्यात सासूबाईंनी त्यांचा उजवा पाय पळवला. त्यांचा चेहरा पडला. मास्तरांच्या राक्षसाला रिअॅक्शन आली. सासूबाई जिंकल्या. तपासनीसांनी फाइल उघडली आणि आमच्यासमोर शेरा लिहिला: 'मनोरा पुठ्ठ्याचा आढळला. पुरवठा काल्पनिक. तथापि फेरतपासणी आवश्यक.'

फेरतपासणी पुढच्या शनिवारी झाली. त्याच्या पुढच्याही.

खेळ असा रंगला की कुणालाही आनंद व्हावा. मलाही झाला असता. पण मला खेळायलाच मिळेना. जागा चारच. शिवाय डावात भांडण झालं की सगळे एका आवाजात मला हाक मारायचे आणि नियम बदलून घ्यायचे. चोरलेला पाय शिवताना दोरा कुणाचा? दलदलीत पडलेलं डोकं किती दिवस ताजं धरायचं? दोन पानांचे नियम एकोणीस पानांवर गेले. मी चहा करायचो, नियम लिहायचो, परत चहा करायचो. एकदा तपासनीस बायकोला म्हणाले, "तुमच्याकडचा कारकून चांगला आहे." ते विनोदाने म्हणाले असं ती सांगते.

अशात सोसायटीच्या सेक्रेटरींची नोटीस आली. 'सदनिका क्रमांक सातमध्ये राक्षस तयार करण्यात येत असल्याचे समजते. पाळीव प्राण्यांबाबतच्या नियमानुसार पूर्वपरवानगी घेतलेली दिसत नाही. तरी राक्षसांची संख्या, उंची, तसेच ते लिफ्ट वापरणार किंवा कसे, याचा तीन दिवसांत लेखी खुलासा करावा.' मला वाटलं गंमत केली. मग आठवलं, सेक्रेटरींनी आजवर गंमत केलेली नाही. मी सरळ लिहून दिलं: संख्या चार, उंची नऊ सेंटिमीटर, लिफ्ट वापरत नाहीत. त्यांनी पोच दिली, कागद फाइलला लावला आणि हळूच विचारलं, बाहेरच्याला बघायला बसता येतं का?

सहाव्या आठवड्यात शुक्रवारी प्लास्टर निघालं. सासूबाई रविवारी आपल्या घरी जाणार होत्या. शनिवार शेवटचा. आणि त्या शनिवारी मुलीची शाळेची सहल होती. चौथी प्रयोगशाळा रिकामी!

मी बसलो. मला जे पत्ते येत होते ते बघण्यासारखे होते. धड आलं. दोन्ही पाय आले. हात आले, एक डावा, एक उजवा. डोकं आलं, न वापरलेलं. सगळं ओ गटाचं. हृदय लावलं, टाके घातले, राक्षस मनोऱ्यावर नेऊन आडवा ठेवला. बाकीच्यांचं अजून धडही उभं राहिलं नव्हतं. फक्त सासूबाईंचा मनोऱ्याच्या पायथ्याशी येऊन ठेपला होता, आणि त्याला हृदयाचीच कमतरता होती. मला सहा पडायला हवे होते. मी फासा टाकला.

सहा पडले.

आणि घरातली वीज गेली.

पंखा घरघरत थांबला. भर दुपार, उजेड लख्ख होता. फाशावरचे सहाही ठिपके सगळ्यांना स्वच्छ दिसत होते. तरी सगळ्यांनी पंख्याकडे पाहिलं. मग सासूबाई हळू आवाजात म्हणाल्या, "साहेब?"

तपासनीसांनी घसा साफ केला. "पुरवठा खंडित झालेला आहे."

"अहो, हा खेळ आहे!" मी ओरडलो. "तुम्हीच शेरा लिहिलात, पुरवठा काल्पनिक!"

"काल्पनिक असला तरी पुरवठाच. आणि नियमात काय आहे? वीज थेट तारेवरून. तारेत आत्ता वीज नाही."

"मास्तर, तुम्ही सांगा!"

मास्तरांनी डोळे मिटले. "आकाशातली वीज असती तर प्रश्न नव्हता. पण तुम्ही तार लिहिलीत."

लिहिली होती. माझ्याच अक्षरात होती. कोपऱ्यात बघायला बसलेले सेक्रेटरी म्हणाले, लेखी आहे म्हटल्यावर विषय संपला.

"वीज येईपर्यंत राक्षस तसाच पडून राहील," सासूबाईंनी निकाल दिला. "डाव पुढे चालू."

दहा मिनिटांत वीज आली. पण त्या दहा मिनिटांत सासूबाईंनी, एकोणीस पानांतल्या सतराव्या पानाचा आधार घेऊन, माझ्या पडलेल्या राक्षसाच्या छातीतून हृदय काढून स्वतःच्या राक्षसाला शिवलं. पंखा फिरला, त्यांनी फासा टाकला, सहा पडले, आणि माझ्या हृदयासकट त्यांचा राक्षस गावात शिरला.

मी शांतपणे उठलो आणि स्वयंपाकघरात गेलो. थोड्या वेळाने बायको आली.

"वाईट वाटलं?"

"मला कशाला वाईट वाटेल? खेळ आहे."

"मग साखरेचा डबा तिसऱ्यांदा का पुसताय?"

रविवारी सकाळी टॅक्सी आली. सासूबाई काठी टेकत खाली उतरल्या, मागच्या सीटवर बसल्या आणि मुलीला म्हणाल्या, "तो खोका दे माझ्या मांडीवर." खेळाचा खोका. मला विचारलं नाही, आभार नाहीत, बरा झालाय की वाईट तेही नाही. काच वर केली आणि गेल्या.

पुढच्या शनिवारी चारला मास्तर आले. मग तपासनीस आले. टेबलावर काहीच नव्हतं. आम्ही तिघांनी चहा घेतला. तपासनीस म्हणाले, "बराय मग," आणि फाइल न उघडता गेले. घर चांगलंच मोठं वाटायला लागलं होतं. मला वाटलं होतं, मला सुटल्यासारखं वाटेल.

त्यानंतर तीन दिवसांनी फोन आला.

"जावईबापू, हृदय गेलं."

मी एका हाताने चपला शोधायला लागलो. "डॉक्टरांना बोलावलं का?"

"अहो, पत्ता गेला. आमच्या वरच्या मजल्यावरच्या बाईने चहात पाडला. ओ गटाचं होतं. दुसरं काढून पाठवा, आमचा डाव अडलाय."

मागे सातआठ बायकांचा गलका ऐकू येत होता. त्यातल्या एकीने विचारलं, "कुणी हो केलाय हा?" सासूबाई म्हणाल्या, "थांबा हं," आणि त्यांनी फोनवर हात ठेवल्याचा आवाज आला. तरीही पुढचं मला एकेक अक्षर ऐकू आलं.

"माझ्या जावयाने. सगळं हाताने काढलंय. ही बोटं बघा, नखं बघा. एवढं मन लावून कोण करतं हल्ली? पण त्यांना सांगायचं नाही बाई, लगेच हवेत जातील."

सासूबाईंनी सगळी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये केली. फोनवर हात कसा ठेवला की पलीकडे ऐकू जात नाही, आणि कसा ठेवला की जातं, हे त्यांना माहीत नसेल असं मला वाटत नाही.

"ऐकताय ना?" त्या परत फोनवर आल्या. "चांगल्या पुठ्ठ्यावर काढा. मागच्यासारखा पातळ नको."

त्या संध्याकाळी मी एका बैठकीत हृदय काढलं. आजवर काढलेल्यांत सगळ्यांत सुरेख. दुसऱ्या दिवशी कचेरीतून अर्धी रजा घेऊन पार्सलच्या खिडकीवर गेलो. खिडकीतल्या बाईंनी मान वर न करता फॉर्म पुढे केला.

"आत काय आहे?"

"हृदय," मी म्हणालो. तोंडातून निघून गेलं.

"नाशवंत आहे का?"

"नाही."

"काचेचं?"

"नाही."

"मग खालचे रकाने भरा."

पाठवणाऱ्याचं नाव, पत्ता, मग व्यवसाय. पार्सलच्या फॉर्ममध्ये व्यवसाय कशाला हवा ते मला माहीत नाही. आमच्याही कचेरीतल्या फॉर्मांत असतो, तिथेही माहीत नाही. बावीस वर्षं मी अशा रकान्यात 'नकाशाकार, भूमापन कचेरी' असं लिहीत आलोय. मी मागे वळून रांग पाहिली. ओळखीचं कुणी नव्हतं. मग पेन घट्ट धरलं आणि ठळक, सुवाच्य अक्षरात लिहिलं: शास्त्रज्ञ.

बाईंनी ते वाचलं, पहिल्यांदाच मान वर करून माझ्याकडे पाहिलं, आणि शिक्का मारला.